वाचक विचारतात: बॅटिंग केजमध्ये नेमकं करायचं काय?

बेसबॉलचा मोसम तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत केज, मशीन आणि जाळी हे तीन शब्द हमखास असतात. केज म्हणजे फटक्यांच्या सरावासाठी जाळीनं बंद केलेली लांब जागा, मशीन म्हणजे चेंडू फेकणारं यंत्र. या वेळी बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या पालकांची आहेत, एक पुण्याहून आणि एक नाशिकच्या आजोबांचं. लांबलेली पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न: आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) खेळतो. दर शनिवारी त्याला टोकनवाल्या केजमध्ये नेतो. तिथं मी ताशी ६५ मैलांची मशीन लावून देतो, म्हणजे सामन्यातला चेंडू त्याला सोपा वाटेल. पण वीसपैकी दोन-तीन चेंडूच बॅटला लागतात आणि हल्ली तो यायलाही कुरकुरतो. वेग कमी केला तर लाड होतील का? मशीन ते प्लेट (बॅटरपुढची जमिनीतली खूणपाटी) अंतर पावलांनी मोजलं, साधारण ३५ फूट आहे. (एडिसन, न्यू जर्सी)

तुम्ही अंतर मोजलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त पाटीवरचा आकडा वाचतात. बॅटरच्या दृष्टीनं वेग दुय्यम आहे, चेंडू सुटल्यापासून प्लेटवर येईपर्यंत हाताशी किती वेळ उरतो ते मुख्य. आता हिशेब बघा. ताशी १ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १.४७ फूट. ६५ मैलांचा चेंडू ३५ फूट कापायला ०.३७ सेकंद घेतो. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये) पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, पट्टी प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर असते, पण पिचर पाऊल टाकून पुढे झुकतो, त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तो साधारण ५५ फुटांवर. तिथून ९५ मैलांचा चेंडू ०.३९ ते ०.४० सेकंदांत येतो. म्हणजे तुमचा दहा वर्षांचा मुलगा दर शनिवारी मेजर लीगपेक्षाही कमी वेळात बॅट फिरवायचा प्रयत्न करतोय. वीसपैकी दोन-तीन लागतात ही खरं तर त्याची कमाल आहे.

त्याच्या सामन्यात काय होतं? लिटल लीगला पिचिंगचं अंतर ४६ फूट. मुलांचा चेंडू सुटतो तो साधारण ४२ फुटांवर. या वयाचा चांगला पिचर ४५ ते ५० मैलांनी टाकतो. ५० मैल धरले तर वेळ मिळतो ०.५७ सेकंद. तेवढाच वेळ ३५ फुटांवर हवा असेल तर मशीन ४२ मैलांवर लावा. पिचर ४५ मैलांचा असेल तर ३७-३८ वर. (हवेत चेंडू थोडा मंदावतो, ते दोन्हीकडे सोडून दिलं आहे.) सूत्र सोपं आहे: सामन्यातला वेग गुणिले मशीनचं अंतर, भागिले चेंडू हातातून सुटतो ते अंतर. फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, वेगवेगळ्या केजमध्ये अंतर वेगळं असतं.

फार वेगाच्या चेंडूनं नुसते चेंडू हुकत नाहीत, वाईट सवयी लागतात. वेळ पुरत नाही म्हटल्यावर मूल चेंडू बघायच्या आधीच बॅट सोडतं, पुढचा पाय टाकणं सोडून देतं, मनगटानं चेंडूला नुसतं शिवतं. मग सामन्यात हळू पिचर समोर आला की तोच मुलगा चेंडूच्या आधी बॅट फिरवून मोकळा होतो. केजमध्ये वेग बदलता येत नसेल तर सर्वांत हळू रांग घ्या. पहिले पाच चेंडू बॅट न फिरवता नुसते बघू द्या, प्रत्येक चेंडूला पाऊल मात्र टाकायला लावा.

तुम्ही एडिसनचे म्हणून जाता जाता: चाकावर ढकलत न्यायच्या बॅटिंग केजचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वेलिंग्टन टायटस तुमच्याच राज्यातल्या हॉपवेलचे, साल १९०७ च्या सुमाराचं. आणि शेजारच्या प्रिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे चार्ल्स हिंटन यांनी १८९७ मध्येच पिचिंग मशीन केली होती. ती बंदुकीच्या दारूवर चालायची आणि बॅटर तिला घाबरायचे. जास्त वेगानं पोरं बिचकतात हे तेव्हापासूनचं आहे.

प्रश्न: केजमध्ये प्रत्येक फटका जाळीला लागून खाली पडतो. कोणता चांगला आणि कोणता वाया, हे कळायचं कसं? मुलगी विचारते आणि मला उत्तर देता येत नाही. केज ५५ फूट लांब, १२ फूट उंच. (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

याचं उत्तर तुमच्या डोक्यावर आहे, म्हणजे अक्षरशः छताच्या जाळीत. चेंडू छताला कुठे लागला यावरून तो बॅटवरून किती कोनात निघाला हे सांगता येतं. त्यासाठी लागतात दोन रंगीत फिती आणि एक मोजपट्टी.

होम प्लेटच्या पुढच्या कडेपासून मोजायला सुरुवात करा. दहा-बारा वर्षांच्या मुलीचा फटका साधारण ५५ मैलांनी निघतो आणि बॅट-चेंडूची गाठ जमिनीपासून ३ फुटांवर पडते, असं धरू. ३० अंशांत निघालेला चेंडू १७ फुटांवर छताला लागेल. २० अंशांतला ३३ फुटांवर. या दोन ठिकाणी छतावर आडव्या फिती बांधा. १० अंशांत निघालेला चेंडू छताला लागतच नाही. गुरुत्वाकर्षण त्याला आधीच खाली ओढतं आणि तो ५० फुटांवरच्या समोरच्या जाळीला सुमारे साडेपाच फुटांवर लागतो. तिथं तिसरी फीत, आडवी. अगदी सपाट, शून्य अंशांत मारलेला चेंडू ३५ फुटांच्या आसपास जमिनीला टेकतो.

आता वाचायचं कसं. पहिल्या फितीच्या अलीकडे छताला लागला तर तो पॉप-अप, मैदानात कोणीतरी आरामात झेलणार. दोन फितींच्या मधला चेंडू या वयात बहुधा आउटफिल्डमध्ये झेल जातो. ताकद आल्यावर मात्र हाच पट्टा सोन्याचा, कारण होम रन (कुंपणापलीकडे जाणारे फटके) साधारण २५ ते ३० अंशांच्या आसपास जातात. दुसऱ्या फितीच्या पलीकडे छताला किंवा समोरच्या जाळीवर साडेपाच फुटांच्या वर लागला तर ती खरी लाइन ड्राइव्ह, म्हणजे सपाट, जोरकस फटका. तुमच्या मुलीनं सध्या याच पट्ट्याच्या मागे लागावं. ३५ फुटांच्या आत जमिनीवर आपटला तर ग्राउंडर.

हे करून बघितलंत की एक गंमत लक्षात येईल. फिती नसताना मुलं समोरच्या जाळीच्या तळाशी सणकन गेलेल्या चेंडूवर टाळ्या वाजवतात. आवाज छान येतो ना! मैदानात तोच चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हाती दोन टप्प्यांत जातो. आणि छताला लागलेल्या चेंडूवर प्रशिक्षक ओरडतो, त्यातले काही मैदानात कुंपणाला लागले असते.

मोठ्या मुलांसाठी फिती सरकवा. ९० मैलांनी फटका मारणाऱ्याला ३० अंशांची फीत १६ फुटांवर, २० अंशांची २७ फुटांवर. छत १२ ऐवजी १० फुटांचं असेल तर सगळं बरंच अलीकडे येतं, त्यामुळे हे आकडे तिथं लावू नका.

प्रश्न: मागच्या अंगणात ६० फूट लांब जागा आहे. घरीच केज उभारायचा विचार आहे. मुलं ९ आणि १३ वर्षांची. जाळी कोणती, खांब कसे, आणि लोक सहसा कुठे चुकतात? (नॅपरव्हिल, इलिनॉय)

खड्डे काढण्याआधी ८११ ला फोन. जमिनीखालच्या गॅस, वीज, पाण्याच्या लाइनी फुकट खुणा करून देतात, पण काही दिवस आधी कळवावं लागतं. वसाहतीच्या समितीचे आणि गावाचे उंचीबद्दलचे नियमही त्याच आठवड्यात बघून घ्या. हे झालं की मग खरेदी.

६० फुटांत ५५ फूट लांब, १२ ते १४ फूट रुंद, १२ फूट उंच केज बसतो. १० फूट रुंदी घेऊ नका. बॅटर प्लेटच्या बाजूला उभा राहतो, त्यामुळे रुंदी अर्धी कमी पडते, आणि डावखुरा मुलगा आला की बॅट जाळीत अडकते. पूर्ण ६० फूट ६ इंचांवरून टाकायचं तर ७० फुटांची केज लागते, पण तुमचा १३ वर्षांचा मुलगाही ४५ फुटांवरून टाकलेल्या चेंडूवर छान तयार होईल. वर दिलेलं सूत्र तुम्हालाही लागू आहे.

जाळीचं भोक पावणेदोन इंच चौकोनी. बेसबॉलचा व्यास जेमतेम तीन इंच, त्याला हे पुरतं. दोऱ्याची जाडी नंबरात सांगतात. मोठा नंबर म्हणजे जाड दोरा. एकट्या ९ वर्षांच्या मुलासाठी २१ किंवा २४ चालला असता, पण १३ वर्षांचा वर्षा-दोन वर्षांत दांडगा होईल, त्यामुळे ३६ च घ्या. दोरा कशाचा? नायलॉन मजबूत, पण पाणी पितं, ओलं झालं की लोंबतं. पॉलिइथिलीन पाणी पीत नाही आणि उन्हात जास्त टिकतं. कायम बाहेर राहणाऱ्या केजसाठी आम्ही पॉलिइथिलीन सुचवू.

रचना अशी: चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये दोन असे सहा लोखंडी खांब, जमिनीवर १३ फूट. वर दोन्ही लांब बाजूंनी पाव इंची गॅल्व्हनाइज्ड वायर रोप, टोकांना टर्नबकल (वायर ताणायचा स्क्रू). खांब १२ फुटांचेच घेणं ही पहिली चूक; वायर मध्ये झोल खाते आणि छत ११ फुटांवर येतं. पायाचा खड्डा तुमच्याकडे जमीन हिवाळ्यात जिथवर गोठते त्याच्या खाली गेलाच पाहिजे, नाहीतर वसंत ऋतूत खांब वाकडे झालेले दिसतील.

वायर रोपला फास करून यू-क्लॅम्प लावताना बहुतेक जण उलटे लावतात. क्लॅम्पला दोन भाग असतात: गोल यू आणि सपाट बूड. सपाट बूड ताण घेणाऱ्या लांब वायरवर यायला हवं, यू दुमडून आलेल्या तुटक्या शेपटीवर. उलटं लावलं तर यू ताणाच्या वायरमध्ये रुतून तिचे धागे कापतो आणि एक दिवस सगळं छत खाली. प्रत्येक टोकाला किमान दोन क्लॅम्प, तीन असतील तर उत्तम, आणि आठवड्याभरानं नट पुन्हा आवळा.

जाळी वायरला दर दोन फुटांवर कॅराबिनरनं (उघडझाप करता येणाऱ्या कडीनं) अडकवा आणि सैल सोडा. ताणून बसवलेली जाळी दिसायला छान, पण चेंडू तिच्यावरून परत उसळतो आणि दोरा लवकर तुटतो. सैल जाळी चेंडूचा जोर गिळते. खांबांपासून जाळी किमान एक फूट आत असू द्या. खांबाला चिकटलेल्या जाळीवर आपटलेला चेंडू कुठे जाईल सांगता येत नाही. तळाशी सहा इंच ते एक फूट जाळी जमिनीवर पसरेल इतकी जास्तीची ठेवा, पण गवत कापताना ती वर बांधा. मोवरनं जाळ्या खाल्ल्याच्या कथा खूप आहेत.

पहिलं भोक कुठे पडणार तेही सांगून ठेवतो: बॅटरच्या मागे, गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर. हुकलेले सगळे चेंडू तिथंच जातात. तिथं जाळीच्या पुढे सहा इंचांवर जाड व्हिनाइलचा किंवा कॅनव्हासचा साधारण ६ बाय ८ फुटांचा पडदा टांगा. जाळीचं आयुष्य काही वर्षांनी वाढेल. छोटं भोक पडलं की त्याच दिवशी त्याच जाडीच्या दोऱ्यानं गाठून टाका, केबल-टाय लावलात तर तो आठवड्यापुरता.

आणि इलिनॉयमध्ये राहता म्हणून: थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबर अखेरच्या सणाच्या) आत जाळी काढून घ्या. ओला बर्फ जाळीच्या छतावर गोठला तर त्याच्या वजनानं वायर ताणली जाते आणि कोपऱ्यातले खांब आत झुकतात. जाळी कोरडी करून पिंपात ठेवा, झाकण घट्ट हवं. उंदरांना ती फार आवडते.

प्रश्न: आमच्या संघाची दोन चाकांची मशीन आहे. एक चेंडू मध्ये, दुसरा डोक्यावर, तिसरा जमिनीत. मशीन बिघडली का? (मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना)

बहुतेक वेळा मशीन ठीक असते, खायला घातलेले चेंडू चुकीचे असतात. पाच गोष्टी या क्रमानं बघा.

चेंडू. एकाच डब्यात जुने, नवे, ओले, फुगलेले चेंडू मिसळले असतील तर प्रत्येकाला चाक वेगळं पकडतं. चामड्याचे शिवणीचे चेंडू वापरत असाल तर प्रत्येक वेळी शिवण एकाच दिशेनं ठेवून टाका. आधी खळगे असलेले मशीनचे चेंडू लावून बघा. त्यांनी नेम सुधारला तर निदान झालं.

चाकं. दोन्ही डायल एकाच आकड्यावर लावली असतील तर तीच चूक असू शकते. एकावर एक चाकं असलेल्या मशीनमध्ये दोन्ही सारख्या वेगानं फिरली की चेंडूला फिरकच मिळत नाही, आणि न फिरणारा चेंडू हवेत डुलत जातो, नकलबॉल म्हणतात तो. सरळ चेंडू हवा असेल तर खालचं चाक थोडं जास्त ठेवा, म्हणजे चेंडूला उलटी फिरक मिळून तो स्थिर येतो. वरचं जास्त ठेवलं की चेंडू खाली बुडतो. चाकांत हवा भरायची असेल तर दोन्हींत मशीनच्या पत्रिकेत दिलेला दाब तंतोतंत ठेवा. चाकांवर चकाकी आली असेल तर ओल्या फडक्यानं पुसा.

घाई. प्रत्येक चेंडू चाकांचा वेग थोडा खातो. तो परत यायला चार-पाच सेकंद लागतात. मोटारीचा आवाज खाली जाऊन पुन्हा वर चढतो तो ऐका, मगच पुढचा चेंडू.

वीज. १०० फुटांची बारीक घरगुती एक्स्टेन्शन वायर लावली असेल तर मोटारीला पुरता व्होल्टेज मिळत नाही. एवढ्या लांबीला १२ गेजची वायर हवी.

शेवटी पाय. मऊ मातीत मशीनचा एक पाय हळूहळू रुततो आणि चेंडूंचा नेम हळूहळू सरकत जातो. पायांखाली फळ्या ठेवा.

काहीही बदललं की पहिले चार-पाच चेंडू बॅटर नसताना सोडा. चेंडू घालणाऱ्यानं तो आधी हात उंच करून दाखवावा, मग घालावा. नाहीतर बॅटरला चेंडू कुठून कधी येतो काही कळत नाही. केजच्या मालकाकडे लोखंडी हाताची मशीन असेल तर प्लग काढल्यावरही तिच्या हातात स्प्रिंगचा ताण अडकून राहू शकतो. चेंडू अडकला म्हणून मुलांनी तिच्याजवळ जायचं नाही, वीज बंद असली तरी.

प्रश्न: नवी कंपोझिट (कार्बन-धाग्यांची) बॅट केजमध्ये वापरली तर खराब होते का? (बॉस्टन)

दोन कारणांनी होऊ शकते. खळग्यांचे मशीनचे चेंडू खऱ्या चेंडूपेक्षा कडक असतात, आणि बऱ्याच कंपन्या त्या चेंडूंनी बॅट फुटली तर वॉरंटी मानत नाहीत. शिवाय कंपोझिट बॅट १५-१६ अंश सेल्सियसच्या खाली वापरू नये. थंडीत तिला तडा जातो. बॉस्टनच्या एप्रिलमध्ये उघड्या केजला जाताना जुनी अॅल्युमिनियमची बॅट न्या. लाकडी बॅट असेल तर लेबल आकाशाकडे किंवा जमिनीकडे राहील अशी धरा. कंपनीनं ते लाकडाची जात बघूनच छापलेलं असतं.

प्रश्न: मी तेरा वर्षांची आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळते. आमच्याकडे मशीन नाही. शेजारच्या क्लबची क्रिकेटची नेट सकाळी रिकामी असते. तिथं बॅटिंगचा सराव होईल का? (पुणे)

अगदी होईल, आणि मशीनवाल्या मुलींपेक्षा चांगला होऊ शकेल. क्रिकेटच्या नेटची भोकं सहसा पाच सेंटिमीटरच्या आसपास असतात. तुझा १२ इंच घेराचा सॉफ्टबॉल जवळजवळ ९७ मिलिमीटर व्यासाचा, तो त्यातून जाणार नाही. क्लबकडे क्रिकेटची बोलिंग मशीन असली तरी तिच्यात सॉफ्टबॉल घालायचा प्रयत्न करू नकोस, बसणारच नाही.

आधी एक टी बनव, म्हणजे चेंडू वर ठेवून मारायचा उभा दांडा. सव्वा इंची पीव्हीसी पाइप, एका लाकडी पाटावर फ्लॅंजनं उभा केलेला, आणि वरच्या टोकावर गाडीच्या रेडिएटरचा रबरी होज पाइप, वीतभर लांब. गॅरेजवाल्याकडे जुना मिळतो. बॅट रबरला लागली तरी काही बिघडत नाही. पाइप तुझ्या कमरेइतका ठेव.

आता मुख्य गोष्ट, टी कुठे ठेवायची. जवळजवळ सगळ्याच मुली ती प्लेटच्या मधोमध, पोटासमोर ठेवतात, आणि मग आठवडाभर चुकीच्या जागी चेंडू मारायची सवय लावून घेतात. खडूनं प्लेट आखून घे आणि पाऊल टाकल्यावर पुढचा पाय कुठे पडतो तिथं खूण कर. मधला चेंडू या खुणेच्या रेषेत. अंगाजवळचा चेंडू खुणेच्या वीतभर पुढे. लांबचा चेंडू खुणेच्या थोडा मागे. अंगाजवळचा चेंडू बॅटला लवकर भेटतो, लांबचा उशिरा, हे तुझ्या शरीराला टीवरच कळायला हवं. नेटच्या टोकाला डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे तीन रंगीत चिंध्या बांध. उजवा हात वापरत असशील तर अंगाजवळचा चेंडू डाव्या चिंधीकडे, लांबचा उजव्या चिंधीकडे. तिन्ही जागांवर आठ-आठ चेंडू, मध्ये पाणी.

मग फ्रंट टॉस. मैत्रीण १५ ते २० फुटांवरून समोरून अंडरआर्म टाकेल, पण तिच्यापुढे आडोसा असल्याशिवाय नाही. अमेरिकेत त्याला एल-स्क्रीन म्हणतात: सात बाय सात फुटांची जाळीची चौकट, एका वरच्या कोपऱ्यात खाच, त्यातून फक्त टाकणारा हात बाहेर येतो. उजव्या हातानं टाकणारी असेल तर खाच तिच्या उजवीकडे. तुम्हाला जीआय पाइपची चौकट वेल्डरकडून करून घेता येईल, तिच्यावर क्रिकेटच्या जाळीचे दोन पदर. पाइपवर फोम गुंडाळा, नाहीतर चौकटीला लागलेला चेंडू थेट परत येतो. चेंडू सोडला की लगेच डोकं उंच बाजूमागे घ्यायचं. आडोसा नसेल तर मोज्यांचे गोळे करून त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळा आणि त्यांनीच टॉस करा. हसू नकोस, मोज्याचा गोळा बॅटच्या मधोमध लागला की वेगळाच आवाज येतो, आणि तो कान ओळखायला लागतो.

प्रश्न: नातवाकडे आलो आहे. तो केजमध्ये मारत असताना मी जाळीला टेकून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतो. सूनबाई ओरडते. इतकी काळजी कशाला, मध्ये जाळी आहे ना? (नाशिककर आजोबा, सध्या सिएटल)

आजोबा, सूनबाईंचं ऐका. सैल जाळी चेंडूसकट दोन-तीन फूट बाहेर येते. नाक जाळीला लावून उभं राहिलात तर जाळी असूनही चेंडू नाकावरच. चांगल्या केजमध्ये बाहेर तीन फुटांवर दोरी बांधलेली असते, तिच्या मागून काढा. आणि व्हिडिओ काढायचाच तर नातवाच्या छातीसमोरून, म्हणजे प्लेटच्या पलीकडच्या बाजूनं आडवा काढा. मागून काढलेल्या व्हिडिओत पाऊल कुठे पडलं ते दिसत नाही.

प्रश्न: आम्ही सरावाला एका तासात २५० ते ३०० चेंडू मारून घेतो. पैसे वसूल होतात. पण शेवटी मुलांचे फटके बिघडतात असं वाटतं. (सॅन होजे)

वाटतं ते बरोबर आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत ५० ते ६० पूर्ण ताकदीचे फटके पुरतात, तेही आठ-दहाच्या गटांत. वीस टीवर, वीस फ्रंट टॉस, आणि मशीनवर शेवटचे पंधरा-वीस. दमलेलं मूल ओळखायची खूण: मागची कोपर खाली पडते, बॅटचं टोक लोंबतं आणि फटके छताच्या पहिल्या फितीच्या अलीकडे लागायला लागतात. ते दिसलं की थांबवा, वेळ उरला असला तरी. उरलेल्या वेळात दुसरा मुलगा मारेल, पहिला चेंडू गोळा करेल. मात्र मारणारा बॅट खाली ठेवत नाही तोवर कोणीही चेंडू उचलायला पुढे जायचं नाही, आणि केजमध्ये एका वेळी एकच बॅट.

प्रश्न: एक मुलगा बेसबॉल, दुसरा क्रिकेट. ७० फुटांची एकच केज दोघांना चालेल का? (डॅलस)

जाळी चालेल, क्रिकेटचा चेंडू बेसबॉलपेक्षा किंचित लहान आणि थोडा जड, पावणेदोन इंचांच्या भोकातून जात नाही. अडचण लांबीची आहे. क्रिकेटच्या दोन्ही स्टंपांमध्येच ६६ फूट जातात, बोलरनं धावायचं कुठून? म्हणून बोलरच्या बाजूची टोकाची जाळी पडद्यासारखी सरकती करा, क्रिकेटच्या दिवशी उघडी. दुसरं, जमीन. बेसबॉलला चेंडू टप्पा घेत नाही, त्यामुळे बेसबॉलच्या केजमधलं टर्फ बहुतेकदा मऊ आणि असमान असतं. क्रिकेटसाठी बॅट्समनपुढच्या २५-३० फुटांत कडक पाया आणि त्यावर मॅट हवी. बेसबॉलच्या दिवशी ती गुंडाळून ठेवा, नाहीतर स्पाइक्स तिच्या चिंध्या करतील. तुमच्याच भागातलं ग्रँड प्रेरीचं स्टेडियम आधी बेसबॉलचं होतं आणि आता तिथं मेजर लीग क्रिकेट खेळलं जातं, तेव्हा घरच्या केजनं दोन्ही करावं यात नवल नाही.

मुलं एकमेकांची बॅट उचलणार, ते थांबणार नाही. त्यातला एक धोका मात्र लक्षात ठेवा. क्रिकेटवाला मुलगा बेसबॉलला उभा राहिला की चेंडू डोळ्याखाली येईपर्यंत थांबतो, आणि मग चेंडू अंगठ्यावर आणि मनगटावर बसतो. त्याला आठवडाभर फक्त टीवर, पुढच्या पायाच्या रेषेत मारू द्या, मशीनसमोर नंतर. दोघांनाही दोन्ही कान झाकणारं बेसबॉलचं हेल्मेट मिळालं तर सर्वांत चांगलं, पण क्रिकेटचं जाळीचं हेल्मेट बेसबॉलच्या मशीनसमोर घालू नका. दोन्हीच्या चाचण्या वेगळ्या चेंडूंसाठी केलेल्या असतात.